लोखंडाची कढई

परवा नात सुट्टीला खडकीला आली होती. तिच्या अभ्यासातला एक शब्द तिने सांगितला, फेरोप्टोसिस. लोहामुळे होणारा पेशीचा मृत्यू. मी आपला मराठी माध्यमाचा बी.ए., पण शब्द ऐकला आणि एक विद्यार्थी आठवला.

१९८६ साली मी लोकलने पिंपरीच्या एका शाळेत शिकवायला जात असे. पाचवीला आहाराचा धडा चालू होता. "आईला सांगा, पालेभाजी लोखंडाच्या कढईत करायची," मी म्हणालो. पिंपरी कॅम्पातला एक मुलगा उठला. "सर, माझ्या अंगात लोखंड जास्त झालंय." वर्ग हसला. मीही हसलो.

मागाहून त्याचे वडील भेटले. थॅलेसेमिया. फाळणीनंतर कॅम्पात वसलेल्या सिंधी समाजात या आजाराचे वाहक पुष्कळ. मुलाला दर महिन्याला रक्त चढवायचे. एका पिशवीतून सुमारे २०० मिलिग्रॅम लोह अंगात जाते आणि जास्तीचे लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. ते यकृतात, हृदयात साठते. त्यावर औषध होते डेस्फेराल. छोट्या पंपाने रात्रभर कातडीखाली सोडायचे. परदेशी आणि महाग! कधी मिळे, कधी नाही. लोह उतरवणारी डेफेरिप्रोनची गोळी आपल्याकडे आली १९९०च्या दशकात. तोवर तो गेला होता. दहावीही झाली नाही.

लोह नेमके करते काय, ते नातीने समजावले. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठातले डिक्सन, स्टॉकवेल आणि सहकारी इरास्टिन नावाच्या रसायनाने मरणाऱ्या कर्करोगाच्या पेशी तपासत होते. मरण नेहमीच्या तऱ्हेचे नव्हते. डेस्फेरालमधलेच औषध घातले, तर पेशी वाचल्या! म्हणजे लोहाशिवाय हे मरण येतच नव्हते. २०१२ साली त्यांनी त्याला नाव दिले. जुने शेंगदाणे खवट होतात ना, तसे पेशीच्या पडद्यातले स्निग्ध पदार्थ लोहामुळे खवट होतात आणि पडदा फाटतो. पुढे उंदरांच्या हृदयातही हा प्रकार दिसला. कर्करोगाच्या पेशी मुद्दाम अशा मारता येतील का, हेही आता शोधताहेत.

ज्या औषधासाठी त्याचे वडील वणवण फिरले, त्यानेच हे कोडे सोडवायला मदत केली. नातीला मी हे सांगितले. हसलो होतो, तेही सांगितले.

नातेवाइकांनो, पत्रिका जरूर पाहा, पण लग्नाआधी थॅलेसेमियाची रक्ततपासणीही करा. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला चारात एक धोका असतो.