सण सरल्यावरचे पान

ज्यू पंचांगात तिश्रीइतका सणांनी भरलेला महिना दुसरा नाही. सुरुवातीलाच रोश हाशाना, म्हणजे नववर्ष. दहाव्या दिवशी योम किप्पूरचा कडक उपास, पंधराव्यापासून मांडवांचा सण सुक्कोथ आणि त्याच्या शेवटी सिम्हाथ तोरा. त्या दिवशी सिनेगॉगमध्ये माणसे तोराच्या गुंडाळ्या उराशी धरून नाचतात. वर्षभर दर शब्बाथला थोडे थोडे वाचत आणलेले मोशेचे पाच ग्रंथ तेव्हा पूर्ण होतात आणि त्याच बैठकीत उत्पत्तीचा पहिला अध्याय पुन्हा सुरू होतो. तीन आठवड्यांची ही धामधूम आटोपली की हेश्वान लागतो. या महिन्यात एकही मोठा सण येत नाही.

येशिवांचे, म्हणजे ताल्मुद हा ज्यू धर्मशास्त्राचा ग्रंथ शिकवणाऱ्या विद्यापीठांचे, हिवाळी सत्र याच हेश्वानच्या पहिल्या दिवशी सुरू होते. उन्हाळी सत्रही वसंतातला पेसाहचा सण आटोपल्यावर, इय्यार महिना लागला की. सणाने माणसाच्या मनात जे पेटवले, ते विझण्याआधी त्याला पुस्तकासमोर बसवायचे, हा या वेळापत्रकामागचा विचार मला फार शहाणपणाचा वाटतो.

इस्राएलच्या भूमीतली पावसाची प्रार्थनाही सण सरण्याची वाट पाहते. रोजच्या प्रार्थनेत वर्षाला बरकत मागणारे एक कलम आहे. त्यात पाऊस मागायचा, पण तो हेश्वानच्या सातव्या तारखेपासून. ताल्मुदचा गाभा असलेल्या मिश्नाच्या ‘तआनीत’ या भागात रब्बान गम्लिएल याचे कारण देतात. सुक्कोथसाठी यरुशलेमला आलेला सगळ्यात लांबच्या यात्रेकरूला युफ्रेटिस नदीपर्यंत पोचायला पंधरा दिवस लागतात, तो वाटेत भिजू नये. शेत तहानलेले असताना कुणा अनोळखी माणसाच्या परतीच्या प्रवासासाठी थांबायचे आणि मगच आशीर्वाद मागायचा, एवढी माणुसकी या दोन ओळींच्या नियमात भरलेली आहे.

कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंनीही सणाच्या दुसऱ्या दिवसाला जागा दिली होती. त्यांच्या घरांत रोश हाशाना ‘नव्याचा सण’ होता, योम किप्पूर ‘दारफाळणीचा सण’ आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’. त्या दिवशी गोरगरिबांना दान द्यायचे, एकमेकांच्या घरी जायचे. तेल गाळणाऱ्या या समाजाजवळ शतकानुशतके ताल्मुद नव्हता. सणांची ही ओळ मात्र त्यांनी मराठी नावांनी जपली.

ताल्मुदचे रोज एक पान वाचण्याच्या ज्या प्रथेची वाटचाल इथे सांगायची आहे, तिच्या प्रवर्तकाच्या लहानपणीची एक हकीकतही अशीच सणानंतरच्या दिवसाची आहे. रब्बी मेइर शपिरो यांचा जन्म १८८७ चा, बुकोविना प्रांतातल्या सुचावा गावचा. तेव्हा ते गाव ऑस्ट्रिया-हंगेरीत होते, आज रुमानियात आहे. त्यांचे चरित्रकार सांगतात की पेसाहनंतर घरी शिकवायला एक शिक्षक यायचे ठरले होते. सण संपला, दुसरा दिवस उजाडला, शिक्षक आले नाहीत. लहान मेइरला आई रडताना दिसली. तोराशिवाय गेलेला दिवस पुन्हा मिळत नाही, हे त्या माउलीने मुलाला त्या दिवशी सांगितले. पुढे शपिरोंनी जे काही उभारले, त्याचा पाया मला या रडण्यात दिसतो.

१९२३ च्या ऑगस्टमध्ये व्हिएन्नात अगुदात इस्राएल या संघटनेचे पहिले जागतिक अधिवेशन भरले. शपिरो तेव्हा सानोक गावचे रब्बी होते आणि पोलंडच्या संसदेचे, सेइमचे, सदस्यही. वय छत्तीस. व्यासपीठावर वयाने आणि अधिकाराने मोठे असलेले कितीतरी विद्वान बसलेले होते. त्यांच्यासमोर त्यांनी एक साधी सूचना मांडली. जगातल्या सगळ्या ज्यूंनी रोज ताल्मुदचा एक ‘दफ’, म्हणजे एक पान दोन्ही बाजूंनी वाचायचे, आणि सगळ्यांनी एकाच दिवशी एकच पान. त्यांनी चित्र उभे केले ते एका प्रवाशाचे. तो बोटीवर आजचे पान वाचतो, अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरतो, तिथल्या अभ्यासिकेत शिरतो, तर तिथेही तेच पान उघडलेले असते. शेजारी बसलेला माणूस क्षणात आपला होतो.

आणखी एक अडचण त्यांना खुपत होती. बराखोथ, शब्बाथ, बावा मेत्सिया असे नेहमीच्या उपयोगाचे भाग लोक पुन्हा पुन्हा शिकत. यरुशलेमच्या मंदिरातल्या बलिदानांचे नियम सांगणारे भाग कुणी उघडतही नसे. रोज पान पुढे सरकत राहिले, तर या अनाथ भागांवरही कधीतरी माणसांची नजर पडेल, असा त्यांचा हिशेब होता.

हे शक्य झाले त्याचे श्रेय काही अंशी छापखान्याला जाते. डॅनियल बॉमबर्ग या अँटवर्पहून आलेल्या ख्रिस्ती मुद्रकाने व्हेनिसमध्ये १५२० ते १५२३ या काळात संपूर्ण बाबिली ताल्मुद छापला. मधोमध मूळ मजकूर, एका बाजूला रब्बी राशी यांची टीका, दुसऱ्या बाजूला तोसाफोथ, म्हणजे नंतरच्या विद्वानांची टिपणे. त्याने घातलेले पानांचे आकडे पुढच्या आवृत्त्यांनी कायम ठेवले, विल्नाच्या रोम छापखान्याच्या प्रसिद्ध आवृत्तीनेही. त्यामुळे वॉर्सातले तेरावे पान आणि न्यूयॉर्कमधले तेरावे पान एकच असते. मुखपृष्ठ पहिल्या पानात धरलेले असल्याने ताल्मुदचा प्रत्येक भाग दुसऱ्या पानापासून सुरू होतो.

पहिला दिवस ठरला नववर्षाचा, ११ सप्टेंबर १९२३. पहिला भाग बराखोथ, म्हणजे आशीर्वाद. आदल्या संध्याकाळी रोश हाशानाची प्रार्थना आटोपल्यावर गेरच्या हसिदी पंथाचे रेब्बे, म्हणजे गुरू, अव्राहाम मोर्देखाय आल्तर यांनी आपण आता आजचे पान शिकायला जात असल्याचे सांगितले. पोलंडमध्ये गेरच्या रेब्बेंचे हजारो अनुयायी होते. गुरू पान उघडतो म्हटल्यावर शिष्यही उघडणारच. तरुण रब्बीची कल्पना त्या एका रात्रीत लोकांची झाली.

शपिरोंचे दुसरे स्वप्न विटांचे होते. पूर्व युरोपातल्या येशिवांत शिकणारी मुले तेव्हा वार लावून जेवत. आज या घरी, उद्या त्या घरी, रात्री अभ्यासिकेच्या बाकावर झोप. ही पद्धत महाराष्ट्राला समजावून सांगायला नको. शपिरोंना ती सहन होत नव्हती. तोरा शिकणाऱ्या मुलाला स्वच्छ अंथरूण, वेळेवर जेवण आणि मानाची वागणूक मिळाली पाहिजे, यावर ते अडून बसले. त्यांनी गाव निवडले लुब्लिन. सोळाव्या शतकात रब्बी शालोम शाख्ना, श्लोमो लुरिया, पुढे मेइर बेन गदालिया यांनी या गावाला विद्येचे नाव मिळवून दिले होते. श्मुएल आयखेनबाउम या स्थानिक धनिकाने लुबार्तोव्स्का रस्त्यावरची जमीन दिली. १९२४ च्या मे महिन्यात, लाग बाओमेर या छोट्या सणाच्या दिवशी, हजारोंच्या साक्षीने कोनशिला बसली.

मग पैसे संपले. शपिरो अमेरिकेत गेले आणि वर्षभराहून अधिक काळ गावोगाव फिरून व्याख्याने देत निधी गोळा करत राहिले. इमारत पुरी व्हायला सहा वर्षे लागली. २४ आणि २५ जून १९३० रोजी सहा मजली ‘हाख्मे लुब्लिन’ येशिवेचे उद्घाटन झाले. ‘हाख्मे लुब्लिन’ म्हणजे लुब्लिनचे ज्ञानी जन. वसतिगृह, भोजनगृह, भव्य व्याख्यानगृह, हजारो ग्रंथांचे ग्रंथालय, सगळे एका छताखाली. प्रवेशासाठी ताल्मुदची दोनशे पाने तोंडपाठ असावी लागत. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९३१ मध्ये, रोजच्या पानाचे पहिले आवर्तन पुरे झाले आणि त्याचा सोहळा या नव्या वास्तूत साजरा झाला.

एक आक्षेप तेव्हाही होता, आजही आहे. दिवसाला एक पान म्हणजे धावपळ, एवढ्यात खोल काय शिकणार? एका ओळीवर आठवडा घालवणारी येशिवांची शिस्त या वेगाला कधीच पूर्ण मान्य झाली नाही. मला या आक्षेपात तथ्य दिसते, पण शपिरोंना ते दिसत नव्हते असे म्हणता येणार नाही. एका हाताने त्यांनी निवडक मुलांसाठी अतिशय कठीण येशिवा उभारली, दुसऱ्या हाताने दुकानदार, शिंपी, कारकून यांच्या हाती रोजचे एक पान दिले. दिवसभर राबून आलेल्या माणसाला खोली नंतर मिळेल, आधी त्याला दार उघडे हवे, हे त्यांनी ओळखले होते.

शपिरोंना मूलबाळ नव्हते. येशिवा आणि दफ योमी, म्हणजे रोजचे पान, हीच आपली दोन अपत्ये, असे ते म्हणत. येशिवा उघडून साडेतीन वर्षेही झाली नव्हती, तेव्हा २७ ऑक्टोबर १९३३ रोजी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ज्यू पंचांगाने ती तारीख हेश्वानची सातवी, इस्राएलच्या भूमीत पावसाची प्रार्थना सुरू होण्याचा दिवस. शेवटच्या घटकेला त्यांनी शिष्यांना गायला आणि नाचायला सांगितले, अशी आठवण येशिवेत जपली गेली.

१९३८ च्या जूनमध्ये दुसरे आवर्तन संपले, तिसरे सुरू झाले. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये जर्मन सैन्य लुब्लिनमध्ये शिरले. येशिवा बंद झाली, इमारत लष्कराने वापरली. तिचे ग्रंथालय चौकात जाळले, असे पुढे वर्षानुवर्षे सांगितले गेले. अलीकडच्या संशोधकांनी त्या कथेवर शंका घेतली आहे आणि येशिवेचा शिक्का असलेली काही पुस्तके सापडलीही आहेत. माणसांच्या बाबतीत मात्र शंकेला जागा नाही. युद्धापूर्वी लुब्लिनच्या लोकसंख्येत सुमारे एक तृतीयांश ज्यू होते. १९४२ च्या मार्च-एप्रिलमध्ये वस्ती रिकामी करून बहुतेकांना बेल्झेत्सच्या मृत्युछावणीत नेऊन मारले. गावाच्या वेशीवर माइदानेकची छावणी उभी होती.

तिसरे आवर्तन १९४५ च्या नोव्हेंबरमध्ये संपले. पान उघडणाऱ्यांपैकी लाखो माणसे त्या सात वर्षांत नाहीशी झाली होती. उरलेल्यांनी चौथे सुरू केले. या एका नोंदीपाशी मी नेहमी अडखळतो. आकडे पाहायला गेलो तर तारीख चुकलेली नाही.

वाचलेल्या विद्यार्थ्यांपैकी रब्बी श्मुएल वोझनर पुढे बनेई ब्राकला मोठे झाले. तिथल्या झिख्रोन मेइर या वस्तीला शपिरोंचेच नाव आहे. तिथे त्यांनी हाख्मे लुब्लिन याच नावाने येशिवा काढली आणि २०१५ मध्ये, शंभरी ओलांडून, ते गेले. शपिरोंच्या अस्थी १९५८ मध्ये लुब्लिनहून यरुशलेमला नेण्यात आल्या. जुन्या इमारतीत युद्धानंतर वैद्यकीय महाविद्यालय भरत असे. २००३ मध्ये ती ज्यू समाजाला परत मिळाली, २००७ मध्ये तिथले सिनेगॉग पुन्हा खुले झाले आणि २०१३ पासून उरलेल्या भागात हॉटेल चालते. मुले मात्र परत आली नाहीत.

पान चालत राहिले. पहिल्या सात आवर्तनांत प्रत्येकी २,७०२ पाने होती. १९७५ मध्ये सुरू झालेल्या आठव्यापासून ‘शेकालिम’ या भागासाठी वेगळी आवृत्ती घेतली गेली, तेव्हापासून २,७११ होतात, म्हणजे जवळजवळ साडेसात वर्षे. रब्बी आदिन स्टाइनसाल्ट्झ यांनी १९६५ ते २०१० अशी पंचेचाळीस वर्षे खर्चून संपूर्ण ताल्मुद आधुनिक हिब्रूत उलगडला. इंग्रजीत शॉटेनस्टाइन आवृत्तीचे ७३ खंड २००५ मध्ये पुरे झाले. लाँग आयलंडहून मॅनहॅटनला जाणाऱ्या लोकलच्या एका डब्यात कामावर निघालेली माणसे रोजचे पान शिकतात. मुंबईच्या लोकलमधली भजनी मंडळे पाहिलेल्यांना तो डबा परका वाटणार नाही. २०१२ मध्ये आणि पुन्हा १ जानेवारी २०२० रोजी न्यू जर्सीच्या मेटलाइफ स्टेडियममध्ये समारोपासाठी सुमारे नव्वद हजार लोक जमले. प्रत्येक भाग संपताना ‘हद्रान’ म्हणतात. त्यात त्या ग्रंथालाच परत येण्याचे वचन दिले जाते.

ताल्मुदचे दार स्त्रियांना परंपरेने बंद होते. राअनानाच्या मिशेल फार्बर यांनी २०१२ च्या सुमारास स्त्रियांसाठी रोजच्या पानाचा वर्ग सुरू केला आणि आवर्तन पुरे केले. जानेवारी २०२० मध्ये यरुशलेममध्ये स्त्रियांच्या समारोपाला तीन हजारांहून अधिक जणी आल्या. शपिरोंच्या काळात हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हते. त्यांच्या आईला मात्र ते आवडले असते, असे मला मनापासून वाटते. तोराशिवाय एक दिवस गेला म्हणून रडणाऱ्या त्या बाईला स्वतः पान उघडून बसायची मुभा नव्हती.

५ जानेवारी २०२० रोजी चौदावे आवर्तन सुरू झाले आणि दोन-तीन महिन्यांतच जगभर टाळेबंदी आली. अभ्यासिका बंद पडल्या, वर्ग पडद्यावर आणि फोनवर गेले, पान रोजचे रोज पुढे सरकले. हे आवर्तन ७ जून २०२७ रोजी संपेल. दुसऱ्या दिवशी, तोरा मिळाल्याचा सण शाऊओथ तोंडावर असताना, बराखोथचे दुसरे पान पंधराव्या वेळी उघडेल.