गावात की गावांत? संस्थांच्या लेखनातील टिंबाची कथा

ठराव लिहिताना पूर्णविराम कोठे द्यावा, हा प्रश्न आपल्या पूर्वजांना पडत नसे. मोडी लिहिणारा कारकून प्रथम आडवी रेघ ओढी आणि तिच्याखाली अक्षरे सलग लिहीत जाई. शब्दांत अंतर नाही, ऱ्हस्वदीर्घाचा भेद बहुधा नाही, विरामचिन्ह तर नाहीच. मजकूर संपत आल्याचे 'बहुत काय लिहिणे' यासारख्या ठरीव शब्दांनी कळे. शिवकालीन पत्रांच्या अखेरीस 'मर्यादेयं विराजते' ही मुद्रा उमटे. तिच्याखाली कोणी पदरचे काही लिहू नये, हा तिचा हेतू. आम्हांस तर मराठीतील सर्वांत भक्कम पूर्णविराम हाच वाटतो.

आजची चिन्हे इंग्रजी वळणाची आहेत. मोल्सवर्थ यांचे कोशकार्यातील सहकारी मेजर टॉमस कँडी यांनी १८५० साली 'विरामचिन्हांची परिभाषा' हे पुस्तक लिहिले आणि पुढे छापील मराठीत ही चिन्हे रुळली.

शुद्धलेखनाचा निर्णय मात्र पुष्कळ उशिरा झाला. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ साली स्वीकारले. १९७२ साली त्यांत चारांची भर पडली. आता तारखा ताडून पाहाव्यात. बेळगाव १ नोव्हेंबर १९५६ रोजीच म्हैसूर राज्यात घातले गेले होते. म्हणजे हे नियम झाले तेव्हा ते लागू करणारे शासन आमचे नव्हते. सीमाभागातील संस्थांनी ते आपखुशीने उचलले. 'समिति'ची 'समिती' झाली (जुन्या शिक्क्यांवर ती ऱ्हस्वच राहिली, हे वेगळे). 'करावें', 'झालें' यांवरील अनुच्चारित टिंबे पुसली गेली.

पुसण्याच्या भरात एक टिंब मात्र नाहक जाते. अनेकवचनी सामान्यरूपावरचा अनुस्वार नियमांनी मुद्दाम राखला आहे. हल्लीच्या बोलण्यात तो क्वचितच ऐकू येतो, म्हणून लिहिणाऱ्याचा हात फसतो. 'सीमाभागातील गावात मराठी परिपत्रके द्यावीत' असे निवेदन गेले, तर मागणी एका गावापुरती उरते. 'गावांत' लिहिले, तरच ती ८६५ गावांची होते. 'सदस्यास' आणि 'सदस्यांस' यांचेही तेच. निवेदन मोठ्याने वाचून ही चूक सापडत नाही. सही करण्यापूर्वी सचिवांनी ती डोळ्यांनीच शोधावी लागते.