कर्नाळ्याचं रान, चिरनेरचं रान

आपण पनवेलकर पाहुण्यांना कर्नाळ्याला नेतो. सुळका दाखवतो, पक्षी दाखवतो, अभयारण्य १९६८चं हेही सांगतो. चिरनेरला मात्र जातो ते महागणपतीपुरतं. हुतात्म्यांचं स्मारकही त्याच गावात आहे.

१९३० साली उरण-पनवेलच्या मिठागरांच्या पट्ट्यात सत्याग्रह रानात का शिरला? साधं कारण होतं, पावसाळ्यात मीठ पिकत नाही. शिवाय ज्या रानातून सरपण आणायचं, तेच सरकारनं राखीव केलेलं. २५ सप्टेंबरला आगरी, कोळी, कातकरी माणसं कोयते घेऊन अक्कादेवीच्या डोंगरावर गेली. गोळीबारात आठ सत्याग्रही गेले. त्यांत नवश्या कातकरी होता, रानावाचून ज्यांची चूल पेटत नसे त्यांच्यातला. कर्नाळ्याच्या आसपास आजही कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. पाहुण्यांना त्या आपण दाखवत नाही.