मुलांच्या मुखपट्टीचा वाद आणि त्याचा मागचा इतिहास

सन 2021 च्या ऑक्टोबर महिन्यात आपल्याकडील बऱ्याच शाळा पुन्हा उघडल्या, तेव्हा ज्या वस्तूवरून घरोघरी सर्वात अधिक वाद झाले ती वस्तू म्हणजे वीतभर कापडाची मुखपट्टी. मुलांनी ती वर्गात लावावी की लावू नये, लावायची तर किती वयाच्या मुलांनी, आणि हे ठरवायचे कोणी, आईबापांनी की शाळेने? करोनाची साथ सरली, तरी हा प्रश्न काही पुरता मिटला नाही. पूर्वी कधी लोकांनी असा वाद घातला होता काय, हे पाहावे म्हणून मी वाचनालयातून मिळाले ते वाचले. काही इंग्रजी मजकूर माझ्या भाचीने वाचून अर्थ सांगितला. त्यातले जे मनात राहिले ते भगिनींपुढे ठेवते.

साथीच्या रोगात सर्वसामान्य लोकांनी तोंडावर कापड बांधावे ही कल्पना फारशी जुनी नाही. सन 1910 च्या अखेरीस मांचुरियातील हार्बिन शहरी फुप्फुसाच्या प्लेगची भयंकर साथ आली. चीन सरकारने तेथे डॉ. वू लिएन-तेह या तरुण डॉक्टरांना पाठविले. ते मूळचे मलायातील पेनांगचे, शिकलेले केंब्रिजला. हा प्लेग उंदरापिसवांपासून नव्हे, तर रोग्याच्या खोकल्यातून थेट दुसऱ्यास होतो, असे त्यांनी सांगितले. जाळीदार कापडाच्या घडीत कापूस घालून त्यांनी साधी पट्टी तयार करविली. एका नामांकित फ्रेंच डॉक्टरांना हे काही पटेना. ते पट्टीवाचून रोग्यांजवळ गेले आणि थोड्याच दिवसांत त्या रोगाने दगावले. या साथीत साठ हजारांच्या आसपास माणसे गेली. म्हणजे मुखपट्टीचा जन्म झाला तोच मुळी वादातून झाला, आणि तो वादही दोन शिकलेल्या डॉक्टरांमधला!

पुढे 1918 साली इन्फ्लुएंझाची साथ जगभर पसरली. आपल्याकडे तिला मानमोडी म्हणत. माझी आजी जुन्या गोष्टी सांगताना ‘मानमोडीच्या साली’ असेच म्हणे. तिचा स्वतःचा जन्म त्यानंतरचा, परंतु घरात इतकी माणसे गेली होती की ते साल पुढच्या पिढीच्याही बोलण्यात राहिले. हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे त्या साथीत मेली. 1911 ते 1921 या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली, त्याचे मोठे कारण हेच. इकडे लोकांना धान्य आणि औषध मिळण्याची पंचाईत, तेथे मुखपट्टीवरून भांडायला सवड कोणाला होती? ते भांडण झाले ते अमेरिकेत.

सॅन फ्रान्सिस्को शहराने 1918 च्या ऑक्टोबरअखेर प्रत्येकाने बाहेर पडताना मुखपट्टी लावलीच पाहिजे असा कायदा केला. न लावणाऱ्यास दंड, नाहीतर तुरुंग. प्रारंभी लोकांनी ती उत्साहाने लावली. महायुद्ध संपल्याची बातमी आली त्या रात्रीही माणसे पट्ट्या लावूनच रस्त्यांत नाचली. 21 नोव्हेंबरला भर दुपारी बारा वाजता भोंगा वाजला, सक्ती उठली, आणि लोकांनी पट्ट्या काढून रस्त्यावर फेकल्या. परंतु साथ पुन्हा वर आली आणि जानेवारी 1919 मध्ये सक्ती परत आली. या वेळी मात्र लोक चिडले. त्यांनी मुखपट्टीविरोधी संघ काढला, आणि त्याच्या अध्यक्ष कोण, तर मिसेस हॅरिंग्टन या वकीलबाई! स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळावा म्हणून पूर्वी झटलेली ही बाई. संघाच्या सभेला हजारोंनी लोक जमले. त्यांचे म्हणणे असे की, या कापडाने रोग थांबतो याला पुरावा काय? आणि पुरावा नसता सरकारने माझ्या तोंडाला हात का लावावा? फेब्रुवारीच्या पहिल्याच दिवशी सक्ती उठली.

मी हे वाचले तेव्हा मला वाटले होते की ही बाई निव्वळ हट्टी असेल. परंतु 1920 साली कॅलिफोर्नियाच्याच आरोग्यखात्यातील डॉ. केलॉग यांनी प्रयोग करून लिहिले की, जाळीदार कापडाचे पुष्कळ पदर घेतले तरच ते थेंब अडविते, आणि इतके पदर घेतले की श्वास घेणे कठीण होते. लोक ती पातळ लावीत, नाकाखाली लावीत, आणि घरी तर लावीतच नसत. म्हणून सक्तीचा अपेक्षेइतका उपयोग झाला नाही. तेव्हा बाईंचा प्रश्न अगदीच पोरकट नव्हता. जाता जाता सांगते, ज्या महापौरांनी हा कायदा केला ते स्वतःच मुष्टियुद्धाच्या सामन्यात पट्टी गळ्यात लोंबकळत ठेवून बसलेले सापडले आणि त्यांना दंड भरावा लागला. पुढाऱ्यांचे तोंड उघडे आणि लोकांचे बांधलेले, हा प्रकार 2020 मध्येही आपण सर्वांनी पाहिलाच आहे.

त्याच साथीतली दुसरी एक स्त्री मला अधिक जवळची वाटली. न्यूयॉर्क शहराच्या बालआरोग्य खात्याच्या मुख्य डॉ. जोसेफीन बेकर. शहरोशहरी शाळा बंद होत होत्या. न्यूयॉर्कमध्येही अनेकांनी शाळा बंद करा म्हणून ओरड चालविली. डॉ. बेकर यांनी आरोग्यप्रमुखांना उलट सांगितले. शहरातील शाळेत जाणारी मुले दहा लाखांच्या आसपास, त्यांतली बहुतेक दाटीवाटीच्या चाळींत राहणारी. ती घरी राहिली तर अंधाऱ्या खोलीत, नाहीतर गल्लीत. शाळेत आली तर निदान मोकळी हवा मिळेल आणि शिक्षिका रोज त्यांची तोंडे पाहतील. त्यांच्या सांगण्याप्रमाणे शाळा चालू राहिल्या. मुलांनी अंगणात घोळका न करता थेट वर्गात जायचे, रोज सकाळी प्रत्येकाकडे बघायचे, कोणी आजारी दिसला तर त्याला वेगळे काढून घरी पोचवायचे आणि मागून परिचारिकेने जाऊन घर पाहायचे, अशी व्यवस्था होती. मुखपट्टीची सक्ती तेथे नव्हती. सक्ती होती ती मोठ्या माणसांवर, रोज नीट बघण्याची.

शंभर वर्षांनी, 2020 मध्ये, हे सारे पुन्हा नव्याने सुरू झाले. ऑगस्ट 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी सांगितले की पाच वर्षे व त्याखालील मुलांवर मुखपट्टीची सक्ती नको, सहा ते अकरा वयाच्या मुलांबाबत गावातील साथ पाहून ठरवावे, आणि बारा वर्षांपुढील मुलांनी मोठ्यांप्रमाणे लावावी. आपल्या केंद्र सरकारच्या आरोग्यखात्यानेही जानेवारी 2022 मध्ये जवळजवळ असेच सांगितले. परंतु युरोपातच पाहावे, तर फ्रान्सने नोव्हेंबर 2020 पासून सहा वर्षांच्या मुलांनाही शाळेत मुखपट्टी सक्तीची केली आणि स्वीडनने लहान मुलांच्या शाळा पट्टीवाचूनच चालू ठेवल्या. मोठमोठ्या देशांत एकमत नाही, मग आपल्या आळीत ते कोठून असणार?

आळीतील हकीकत थोडी सांगते. शाळेच्या पालकसभेत दोन बाजू पडल्या. एका भगिनीचा मुलगा तोतरा बोलतो. दीड वर्ष मोबाईलवर शिकून तो आणखीच घुमा झाला होता. तिचे म्हणणे असे की, बाईंचे ओठ दिसले नाहीत तर याला उच्चार कसा कळणार? पट्टीमुळे बाईंचा आवाज दबतो, मुलाचाही दबतो, आणि तो बोलायचेच सोडून देतो. दुसरी भगिनी उठली. तिच्या मुलीला मूत्रपिंडाचा विकार असून तिला अशी औषधे चालू आहेत की ज्यांनी अंगातील प्रतिकाराची शक्ती कमी होते. ती म्हणाली, “माझी मुलगी तर पट्टी लावतेच. पण एकटीने लावून भागत नाही, शेजारच्यानेही लावावी लागते. तुमच्या मुलाला बोलता यावे म्हणून माझीने घरी बसायचे का?” यावर सभेत कोणी बोलले नाही. ज्या दोघी श्रावणात मंगळागौरीला एकत्र खेळत, त्या पुढे वर्षभर एकमेकींच्या हळदीकुंकवालाही गेल्या नाहीत. आमच्या घरीही दोन पक्ष होतेच. यजमान म्हणत, मुलांना मोकळा श्वास घेऊ द्या. मी म्हणे, साथ उतरेपर्यंत थोडे सोसावे. पण त्या सभेनंतर मला वाटू लागले की आमचा वाद हा सोयीचा वाद होता, त्या दोघींचा तसा नव्हता.

नेमका हाच प्रश्न सातासमुद्रापलीकडे न्यायालयात गेला. 24 जानेवारी 2022 रोजी महाराष्ट्रात तिसऱ्या लाटेत बंद झालेल्या शाळा, जेथे स्थानिक अधिकाऱ्यांना योग्य वाटले तेथे, पुन्हा उघडल्या. त्याच तारखेला अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात नव्या गव्हर्नरांचा हुकूम अमलात आला. मुलाने शाळेत मुखपट्टी लावायची की नाही हे शाळेने नव्हे, आईबापांनी ठरवावे, असा तो हुकूम होता. त्याच दिवशी सात गावांच्या शाळामंडळांनी त्याविरुद्ध दावा लावला. फेब्रुवारीत तेथील विधिमंडळाने गव्हर्नरांच्या बाजूने कायदाच करून टाकला. आईबापांचा हक्क जिंकला, असे सर्वांना वाटले.

परंतु कोणत्या आईबापांचा? बारा मुलांच्या पालकांनी वेगळा दावा लावला होता. त्यांची मुले आजारी किंवा अपंग, करोना झाला तर जिवावर बेतेल अशी. ते म्हणाले, आम्हीही आईबापच आहोत. अपंगांना शाळेत समान जागा मिळाली पाहिजे असा देशाचा कायदा आहे, मग आमच्या मुलांच्या आसपास बसणाऱ्यांना पट्टी लावायला सांगण्यास शाळेला मनाई का? मार्च 2022 मध्ये संघराज्याच्या न्यायाधीशांनी मधला निकाल दिला. राज्याचा कायदा रद्द केला नाही. साऱ्या शाळेला सक्ती करा असेही म्हटले नाही. त्या बारा मुलांपुरते, त्यांच्या सभोवती आवश्यक असेल तेथे, शाळेला मुखपट्टी मागता येईल असे सांगितले. डिसेंबर 2022 मध्ये ते प्रकरण समेटाने मिटले.

मला हा निकाल फार शहाणपणाचा वाटतो. शंभर मुलांच्या तोंडाचा वाद घालण्याऐवजी एका बाकाभोवतीच्या चारपाच मुलांचा विचार करायचा. आपल्या शाळेत त्या सभेच्या दिवशी कोणी असे सुचविले असते तर तोतऱ्या मुलाला दुसऱ्या ओळीत, बाईंच्या समोर, आणि त्या मुलीला खिडकीजवळ बसविता आले असते. तसे कोणी सुचविले नाही. ‘लावा’ आणि ‘लावू नका’ एवढेच दोन शब्द सभेत फिरत राहिले.

आता मुखपट्टीने मुलांचा आजार थांबला का, हे कोणी विचारील. येथेही विद्वानांचे जमत नाही. अमेरिकेत बॉस्टन शहराच्या परिसरातील 72 शाळाविभागांचा हिशोब संशोधकांनी पाहिला. फेब्रुवारी 2022 च्या अखेरीस राज्याची सक्ती उठली, त्यानंतर पंधरा आठवडे केवळ बॉस्टन आणि शेजारचे एक गाव अशा दोघांनी ती चालू ठेवली. जेथे उठविली तेथे दर हजार माणसांमागे, मुले व शिक्षक धरून, सुमारे 45 रोगी अधिक झाले असे संशोधकांनी लिहिले. उलट स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतात सहा वर्षांपासून सक्ती होती, पाच वर्षांच्या मुलांस नव्हती. तेथील संशोधकांनी सहा लाखांच्या आसपास मुलांची नोंद तपासली आणि सक्ती असलेल्या वर्गात रोग कमी दिसला नाही असे सांगितले. बॉस्टनच्या हिशोबावर पुष्कळांनी शंका घेतल्या, कॅटलोनियाच्या हिशोबावरही घेता येतात, कारण सहा वर्षांचा मुलगा आणि पाच वर्षांचा मुलगा सारखे वागत नाहीत, हे कोणतीही आई सांगेल. केलॉगसाहेबांचे जुने म्हणणेच मला खरे वाटते, की कापड कोणते, कसे लावले आणि किती वेळ लावले यावर सारे आहे. डब्याच्या सुट्टीत साऱ्यांनी पट्ट्या खिशात घालून एकत्र जेवायचे आणि घंटा झाली की पुन्हा लावायच्या, यातून किती साधेल ते साधेल.

महाराष्ट्रात 2 एप्रिल 2022 रोजी, गुढीपाडव्याच्या दिवशी, मुखपट्टीची सक्ती उठली. ज्याला हवी त्याने लावावी, असे सरकारने सांगितले. भोंगा वगैरे काही वाजला नाही. जूनमध्ये नवे वर्ष सुरू झाले तेव्हा आपल्या शाळेत चारपाच मुले अजून पट्टी लावून येत होती. ती मूत्रपिंडाची मुलगी त्यांतली एक. बाकीची का लावतात ते बाईंनी कोणाला विचारले नाही, आणि काढा असेही म्हटले नाही.