पुस्तक कोणाचं होतं?



मागे एकदा आमच्या गटाची बैठक होती. हप्ते जमा झाले, इतिवृत्त लिहून झालं, बँकेतून भरून आणलेली पासबुकं वाटून झाली. चहा चुलीवर होता. तेवढ्या वेळात आम्ही सहज एक प्रश्न टाकला. लहानपणी तुमच्या हातात पडलेलं पहिलं पुस्तक कोणतं?

बारा जणी होतो. आधी कोणी बोलेना. मग एकीला ‘चांदोबा’ आठवला. राजा विक्रम खांद्यावर प्रेत घेऊन चाललाय, ते चित्र बघून ती रात्री आईच्या कुशीत शिरायची. दोघींना ‘किशोर’चा दिवाळी अंक आठवला. बाकीच्या बहुतेकींनी शाळेचं बालभारतीचं पुस्तक सांगितलं. तेही वरच्या वर्गातल्या मुलीकडून निम्म्या किमतीत घेतलेलं, कोपरे दुमडलेलं.

आमच्यातल्या एक मावशी मात्र गप्प होत्या. साठीच्या आहेत. फार विचारलं तेव्हा म्हणाल्या, “आमच्या घरात होतं की पुस्तक. पण ते भावाचं होतं. त्याचं दप्तर खुंटीला अडकवायचं काम माझं. उघडायचं काम त्याचं.”

चहा आला, बोलणं दुसरीकडे गेलं. पण मावशींचं ते वाक्य आमच्या डोक्यातून जाईना. मग आम्ही शोधायला लागलो. मुलांसाठीची मराठी पुस्तकं कधी आली? ती कोणाच्या हातात गेली? आणि वाचनाची गोडी लागली ती कशी लागली? आजचं बोलणं त्याच्यावरच आहे.

सुरुवात सावित्रीबाईंपासून करू. सातारा जिल्ह्यातलं नायगाव हे त्यांचं माहेर. जन्म ३ जानेवारी १८३१ चा. त्यांच्या चरित्रांत लहानपणची एक आठवण सांगतात. नायगावच्या जवळ शिरवळचा बाजार भरतो. त्या बाजाराला गेलेल्या छोट्या सावित्रीला एका मिशनरी माणसाने एक पुस्तक दिलं. तिला अक्षर वाचता येत नव्हतं. तरी तिने ते जपून ठेवलं आणि १८४० साली लग्न होऊन पुण्याला गेली तेव्हा बरोबर नेलं.

नऊ वर्षांची मुलगी सासरी निघते तेव्हा तिच्या बोचक्यात काय काय बांधून देतात, ते आपल्याला माहीत आहे. त्यात एक पुस्तक, आणि तेही वाचता न येणारं! पण ते तिचं होतं. भावाचं नव्हतं, वडिलांचं नव्हतं. नुसत्या पुस्तकाने सगळं झालं असं आम्ही म्हणत नाही. सासरी जोतीराव भेटले, त्यांनी शिकवायला घेतलं. पण वाचायची ओढ त्या पुस्तकाने आधीच लावली असेल, तर शिकणं किती सोपं गेलं असेल!

पुढचं आपल्याला ठाऊक आहे. १८४८ मध्ये पुण्याच्या भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली. १८५४ मध्ये सावित्रीबाईंचा ‘काव्यफुले’ हा कवितासंग्रह छापून आला. १८५५ मध्ये फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या मुलीने महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिला. ‘ज्ञानोदय’ने तो छापला. मुक्ता तेव्हा चौदाएक वर्षांची होती. म्हणजे वाचायला मिळालं तर पोरगी किती लवकर लिहायला लागते, ते बघा.

आता पुस्तकांचं बघू. मुलांसाठी मराठी पुस्तकं त्याच्या आधीच छापली जात होती. १८०६ साली तंजावरच्या सरफोजी राजांनी इसापाच्या गोष्टी मराठीत छापून घेतल्या. ती कोल्हा-करकोच्याची, ससा-कासवाची मंडळी मराठी छापील पुस्तकात आली ती अशी, दूर तमिळ मुलखात. मुंबईत सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८२८ मध्ये ‘बाळमित्र’ आणि ‘इसपनीतिकथा’ ही पुस्तकं केली. १८८१ मध्ये विनायक कोंडदेव ओक यांनी ‘बालबोध’ मासिक सुरू केलं आणि पुढे कितीतरी वर्षं चालवलं.

पुस्तकं आली, पण ती आली शहरातल्या शाळांत. शाळेतून ती मुलग्यांच्या दप्तरात बसून घरी आली. घरातल्या बहिणीने ती बघितली, झाडली, खुंटीला अडकवली. आमच्या मावशींची गोष्ट अशी फार जुनी आहे.

आणि घरात एखादीने पुस्तक हातात घेतलंच, तर काय व्हायचं? त्यासाठी रमाबाई रानड्यांची गोष्ट ऐका. १८७३ मध्ये अकराव्या वर्षी लग्न होऊन त्या महादेव गोविंद रानड्यांच्या घरी आल्या. अक्षरओळख नव्हती. पुढे न्यायमूर्ती म्हणून नाव झालेल्या रानड्यांनी त्यांना लगेच शिकवायला सुरुवात केली. पण घरातल्या मोठ्या बायकांना ते रुचलं नाही. टोमणे, अबोला, नावं ठेवणं, सगळं झालं. रमाबाईंनी ऐकून घेतलं आणि शिकणं सोडलं नाही. १९०९ मध्ये त्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं. १९१० मध्ये ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक लिहिलं. घरच्या बायकांनी केलेला हा विरोधही त्यांनी त्यात लिहून ठेवला आहे.

हे आम्ही बैठकीत सांगितलं तेव्हा सगळ्या हळहळल्या. मग एक सून हळूच म्हणाली, “मी दुपारी पेपर घेऊन बसले की आमच्याकडेही भांडी आपटतात.” हशा झाला. पण तिची सासू तिथेच बसली होती, ती हसली नाही. मैत्रिणींनो, हे बोलायला अवघड आहे, पण बोललं पाहिजे. वाचणाऱ्या बाईला अडवायला दर वेळी बाहेरचं कोणी येत नाही. कधी कधी अडवणाऱ्या आपणच असतो.

आता येऊ त्या पुस्तकाकडे, जे वाचता न येणाऱ्या बायकांनीही आपलं मानलं. ते म्हणजे ‘श्यामची आई’.

साने गुरुजींचा जन्म १८९९ चा, कोकणातल्या पालगडचा. १९२४ ते १९३० ही सहा वर्षं ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. वसतिगृहाच्या मुलांची आईसारखी उस्तवार करत. मुलांना वाचायला रोज काहीतरी मिळावं म्हणून ‘छात्रालय दैनिक’ ते स्वतःच्या हाताने लिहून काढत. छापखाना नाही, पैसे नाहीत, तर हाताने! मग नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगात गेले. नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ ला त्यांनी ‘श्यामची आई’ लिहायला घेतलं, आणि १३ फेब्रुवारीच्या पहाटे ते लिहून झालं. १९३५ मध्ये पुस्तक छापून आलं. तेव्हा आई या जगात नव्हती. ती १९१७ मध्येच गेली होती.

या पुस्तकाची मांडणी बघा. त्यात धडे नाहीत, रात्री आहेत. पहिली रात्र, दुसरी रात्र, अशा बेचाळीस रात्री. आश्रमात प्रार्थना झाली की श्याम आपल्या आईची एकेक आठवण सांगतो आणि बाकीचे ऐकतात. म्हणजे हे पुस्तक लिहिलंच आहे ऐकवण्यासारखं. घरातल्या एकाला वाचता येत असलं तरी बाकीच्या सगळ्यांना पुरतं. आमच्या गटातल्या एकीचे वडील गिरणी बंद करून आले की रोज एक रात्र वाचायचे. आई भाकऱ्या थापता थापता ऐकायची आणि मध्येच म्हणायची, थांबा, तवा उतरवू द्या. त्या आईला अक्षर येत नव्हतं. पण कुठली गोष्ट कितव्या रात्रीची, ते ती सांगायची. १९५३ मध्ये आचार्य अत्र्यांनी यावर चित्रपट काढला. त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. मग ज्यांच्या घरी पुस्तक नव्हतं, त्यांच्यापर्यंतही श्यामची आई पोचली.

आम्ही हे पुस्तक गटात वाचायला घेतलं तेव्हा वाटलं होतं, बायका आईच्या मायेच्या गोष्टींवर रडतील. तशा रडल्याही. पण सगळ्यात जास्त शांतता झाली ती कर्जाच्या प्रकरणाला. श्यामच्या घरावर कर्ज आहे. सावकाराचा माणूस दारात येतो, नको ते बोलतो, आणि घरच्या बाईला ते ऐकावं लागतं. वाचणारी थांबली तरी कोणी बोललं नाही. आमच्यातल्या किती जणींनी तो माणूस आपल्या दारात बघितलाय! गट कशाला काढला, हे त्या दिवशी कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. नव्वद वर्षांपूर्वी तुरुंगात लिहिलेल्या पुस्तकात आपलं घर सापडतं. वाचनाची गोडी म्हणतात ती हीच असावी. मुलालाही ती तशीच लागते. पुस्तकात त्याला स्वतःची भीती, स्वतःची खोडी, स्वतःची आई सापडली की ते पुस्तक तो सोडत नाही.

त्यानंतर गावाकडे पुस्तकं जरा वेगाने यायला लागली. मद्रासहून निघणारा ‘चांदोबा’ १९५२ पासून मराठीत आला. आता तो बंद झालाय. १९६७ मध्ये बालभारती स्थापन झाली. त्याच साली महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. १९७१ पासून बालभारतीचं ‘किशोर’ मासिक निघतंय. त्याचे जुने अंक आता बालभारतीने संकेतस्थळावर विनामूल्य ठेवलेत, मोबाईलवर उघडतात. आणि आता जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात. म्हणजे मुलीच्या नावाचं कोरं पुस्तक मुलीच्याच हातात येतं. ही छोटी गोष्ट नाही. आमच्या मावशींना विचारा.

पण पाठ्यपुस्तकाच्या मागे परीक्षा असते. गोष्टीच्या पुस्तकाच्या मागे कोणी नसतं, म्हणून त्याची गोडी लागते. ते गोष्टीचं पुस्तक आमच्याकडे कुठे होतं? आमच्या माहितीतल्या एका शाळेत ते कपाटात होतं, आणि कपाटाला कुलूप होतं. गुरुजी वाईट नव्हते. पुस्तक फाटलं किंवा हरवलं तर हिशेब त्यांनाच द्यावा लागणार, ही त्यांची भीती. म्हणून पुस्तकं नवीन राहिली आणि मुलं तशीच पुढच्या वर्गात गेली.

आम्ही ठरवलं, आपल्या गटाची पेटी करायची. बैठकीत वाद झाला. एक जण म्हणाली, दहा रुपयांत मिठाची पुडी येते. दुसरी म्हणाली, कोणाचा हप्ता चुकला तर आधी तो बघायचा की पुस्तकं? दोघींचं खरं होतं. शेवटी ठरलं की बचतीच्या पैशाला हात लावायचा नाही. जिला जमेल तिने महिन्याला दहा रुपये वेगळे द्यायचे, जिला जमणार नाही तिने पुस्तकांना पुठ्ठे घालायचे. तालुक्याला बाजारासाठी जाणारी पुस्तकं आणेल. रद्दीवाल्याकडून जुने दिवाळी अंकही घ्यायचे. आणि एक नियम सगळ्यात आधी लिहिला. पुस्तक फाटलं तर दंड नाही. कणकेची खळ करून चिकटवायचं आणि पुन्हा पेटीत ठेवायचं.

शनिवारी संध्याकाळी पेटी उघडते. मुलं येतात, सुना येतात. एक जण मोठ्याने वाचते, बाकीच्या शेंगा निवडतात. जिला वाचता येत नाही ती ऐकते आणि चुकलेलं सांगते, कारण मागच्या शनिवारचं तिला पाठ असतं. पुस्तक नेणाऱ्याचं नाव आम्ही वहीत लिहितो.

पहिल्याच शनिवारी मावशी आल्या. अक्षर जोडून जोडून वाचतात त्या, तेही साक्षरतेच्या वर्गात शिकलेलं. पेटीतली सगळी पुस्तकं खालीवर केली आणि इसापनीतीचं पातळसं पुस्तक काढलं. मोठी चित्रं, मोठी अक्षरं. आम्ही वही उघडली आणि विचारलं, “नातीचं नाव लिहू ना?”

मावशी म्हणाल्या, “नातीचं कशाला? माझं लिही.”

त्याला आता पाच शनिवार झाले. पुस्तक अजून परत आलेलं नाही. आम्हीही मागितलेलं नाही.

मैत्रिणींनो, तुमच्या पुढच्या बैठकीत चहा होईपर्यंत हा प्रश्न विचारून बघा. पहिलं पुस्तक कोणतं, आणि ते कोणाचं होतं? जी गप्प राहील, तिच्याकडे जरा थांबा. आणि घरी गेल्यावर आपल्या पोरीच्या, सुनेच्या हातात एक पुस्तक द्या. त्यावर तिचं नाव तिलाच लिहू द्या.