मुंबई ते लंडन : वाऱ्याच्या हिशेबातले अंतर

मुंबईहून लंडनला जाणारे विमान आज सुमारे ७,२०० किलोमीटरचा पल्ला नऊ-दहा तासांत गाठते. या तासांच्या मागे आपण दोनशे वर्षे चालत गेलो, तर आधी गाठ पडते ती वाऱ्याशी. केप ऑफ गुड होपला वळसा घालणाऱ्या शिडाच्या जहाजांना हीच वाट चार ते सहा महिन्यांची होती आणि निघण्याचा मुहूर्त मोसमी वारा ठरवी. या वाऱ्याला वगळण्याची पहिली धडपड मुंबईच्याच गोदीत बांधलेल्या ‘ह्यू लिंडसे’ या आगबोटीने केली. २० मार्च १८३० रोजी ती सुएझकडे निघाली, तेव्हा कोळसा पुरावा म्हणून केबिनीही त्यानेच भरल्या होत्या. वाटेत एडन, जेद्दा येथे कोळसा घेत ती महिन्याभरात सुएझला लागली. पुढे वाळवंटाची खुश्कीची वाट आणि भूमध्य समुद्रात दुसरी बोट! तरीही पावसाळ्यातल्या नैऋत्य वाऱ्यापुढे त्या बिचारीचे इंजिन दुबळेच होते.

१७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझ कालवा खुला झाला आणि समुद्रमार्ग सुमारे ८,००० किलोमीटरने आखडला. महिन्यांचा हिशेब आठवड्यांवर आला. जून १९०६ मध्ये सावरकर ‘पर्शिया’ बोटीने याच मार्गाने निघाले. त्या सफरीची हकिकत त्यांनी ‘शत्रूच्या शिबिरात’ मध्ये लिहिली आहे. बोटीवर माणसाला इतका निवांत वेळ मिळे की सहप्रवासी सोबती होत. मला या युगाचे हेच मोठे वैभव वाटते.

३० मार्च १९२९ रोजी लंडनजवळच्या क्रॉयडनहून कराचीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. प्रवास आठवड्याचा, आणि तोही सलग हवेतून नव्हे : बाझल ते जेनोआ हा टप्पा चक्क आगगाडीने. कराचीला येणारे हे टपाल पुढे नेण्यासाठी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा आपल्या छोट्या ‘पस मॉथ’ विमानातून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. एका इंजिनाच्या त्या विमानात टपालाच्या थैल्या आणि वैमानिक, एवढाच संसार. सोळा वर्षांत चित्र पालटले. ८ जून १९४८ च्या रात्री ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान पस्तीस प्रवासी घेऊन मुंबईहून उडाले आणि कैरो, जिनिव्हा करीत १० जूनला लंडनला उतरले. १९६० मध्ये एअर इंडियाची बोइंग ७०७ आली, आणि आता थांब्याशिवायची उड्डाणे नित्याची झाली आहेत.

वारा मात्र मार्गातून हटलेला नाही. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगाने वाहणारा जेट प्रवाह लंडनला जाताना समोरून येतो आणि परतताना पाठीशी असतो. म्हणून येतानाचा प्रवास जातानापेक्षा लवकर संपतो. शिवाय एखाद्या देशाने आकाश बंद केले की वळसा आलाच : फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानने हवाई हद्द बंद केली, तेव्हा युरोपकडे जाणारी विमाने जुलैपर्यंत लांबच्या वाटेने गेली. केपच्या वळशासारखीच, फक्त तासांच्या मापाने.