काठावरून वॉलायची मासेमारी : नवशिक्यांसाठी माहिती



मे महिना उजाडला की मिनेसोटातल्या प्रत्येक ऑफिसात एक प्रश्न हमखास ऐकू येतो, "ओपनरला कुठे?" ओपनर म्हणजे वॉलायच्या हंगामाचा पहिला दिवस. मेमोरियल डेच्या शनिवारच्या दोन आठवडे आधीचा शनिवार. वॉलाय हा १९६५ पासून आपला राज्यमासा आहे. होडी नसली तरी तो काठावरून मिळतो.

पहिल्या वर्षी आम्ही चांगल्या काठ्या घेऊन भर दुपारी, लख्ख उन्हात गेलो आणि रिकाम्या हाताने परतलो. चूक काठीची नव्हती, वेळेची होती.

वेळ
मांजराप्रमाणे वॉलायच्या डोळ्यातही प्रकाश परतवणारा थर असतो. अंधुक उजेडात त्याला भक्ष्य चांगले दिसते, म्हणून तो संधिप्रकाशात काठाजवळ येतो. मेच्या मध्याला ट्विन सिटीजमध्ये सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो. त्याच्या आधीचा व नंतरचा एक तास सर्वांत चांगला. दिवसा जायचेच असेल तर ढगाळ, वाऱ्याचा दिवस निवडा.

जागा
बर्फ वितळल्यावर वॉलाय उथळ, गोट्यांच्या जागी अंडी घालतो, त्यामुळे हंगामाच्या सुरुवातीला तो काठापासून फार लांब नसतो. ओढा तळ्याला मिळतो ती जागा, पुलाखालचा अरुंद प्रवाह, वाळू-गोट्यांचा काठ आणि वारा ज्या काठाकडे वाहतो तो काठ, इथे प्रयत्न करा. सार्वजनिक फिशिंग पिअरही सोयीचे.

साहित्य
साडेसहा-सात फुटी हलकी काठी, स्पिनिंग रीळ आणि ६ ते ८ पौंडी दोरी पुरे. दोरीला १/८ औंसाचा जिग (वजन जोडलेला गळ) बांधून त्याला छोटा मासा किंवा जळू लावा आणि तळाजवळून हळूहळू ओढा. अंधारात सरकता बॉबर सोपा पडतो. वजन शक्यतो शिशाचे नको. शिसे गिळून लून पक्षी मरतात. माशाचे दात व पाठीवरचे काटे तीक्ष्ण असतात. गळ काढायला पक्कड वापरा.

परवाना
१६ वर्षे व त्यावरील रहिवाशाला परवाना लागतो. मदर्स डेच्या शनिवार-रविवारी राज्याच्या रहिवासी आयांना मात्र लागत नाही.

भारतातून आलेल्या आईबाबांची गोष्ट वेगळी. ते अनिवासी, म्हणून त्यांना अनिवासी परवाना घ्यावा लागतो. तो २४ तास, ७२ तास किंवा ७ दिवसांचाही मिळतो. आमच्यातल्या एकाचे बाबा लहानपणी खाडीत गळ टाकायचे. इथे आल्यावर आठवडाभर खिडकीशी बसून होते. "जरा काठी धरा," म्हणून त्यांच्या हाती दिली आणि नेमका अधिकारी आला. नुसती धरली तरी ती मासेमारीच, हे त्याने शांतपणे समजावले. दुसऱ्या दिवशी परवाना काढला. रात्री नऊला बाबांनी स्वतः मासा ओढला आणि मग घरी फोनवर तासभर तेच सांगत होते.

नियम
किती आणि केवढे मासे ठेवता येतात हे तळ्यागणिक आणि वर्षागणिक बदलते. उदाहरणार्थ, फोर्ड धरण ते हेस्टिंग्ज धरण या टप्प्यात मिसिसिपीतला वॉलाय पकडून लगेच सोडावा लागतो. म्हणून जाण्यापूर्वी डीएनआरची चालू वर्षाची नियमावली वाचा. आमिषाच्या बादलीतले तळ्याचे पाणी निघण्यापूर्वी तिथेच ओता आणि उरलेले आमिष कचऱ्यात टाका, पाण्यात नाही.

खाताना
मांस पांढरे, काटे कमी. मीठ, हळद, तिखट, कोकमाचे आगळ लावून रव्यात घोळवून तळा. मोठ्या माशात पारा जास्त असतो. गरोदर स्त्रिया व लहान मुले यांच्यासाठी राज्याच्या आरोग्य खात्याने दिलेले प्रमाण पाळा.

शेवटी सुरक्षितता
मेमध्ये हवा उबदार वाटली तरी पाणी अजून गार असते. पाण्यात पडल्यास पोहणाऱ्याचेही हातपाय लवकर आखडतात. मुलांना लाइफ जॅकेट घाला, डोक्याला दिवा बांधा आणि अंधारात एकटे जाऊ नका. सोबत थर्मासभर चहा असू द्या; वाट पाहणे हा यातला मोठा भाग आहे.